साडेअकरा, बरोबर?

रिसाली, भिलाई
११ जून २०२४

ती. उमाकांतमामांना नीरजाचा नमस्कार.

मामा, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं तुम्हाला पटत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी पोस्टात जाऊन पाकिटं आणते. तिथला माणूस मला विचारतो, "मॅडम, कोर्टाचं काम आहे का?" मी सांगते, त्याहून कडक आहे, आईचे मावसभाऊ आहेत.

काम असं आहे की मी एक गेट नऊ इंच बुटकं केलं.

आमच्या शेडमध्ये काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे: ग्रिल, गेट, जिने. बाबा जमिनीवर खडूनं आखतात आणि शालिकराम वेल्डिंग करतो. मी दुर्गला ड्राफ्टिंग शिकले, तेव्हापासून कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये ड्रॉइंग काढते. यंदा मी त्याला जोडून एक स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे छोटासा प्रोग्राम. पडद्यावरच्या खोक्यात रुंदी भरायची, उंची भरायची, की गेटचं ड्रॉइंग आणि कुठला तुकडा किती कापायचा याची यादी दोन मिनिटांत तयार. बाबांना त्यालाच अर्धा दिवस लागतो.

आता आपल्याकडे पाच फूट सहा इंच कोणी पूर्ण लिहीत नाही, ५.६ लिहितात. हे मला ठाऊक होतं. म्हणून स्क्रिप्टला मी सांगून ठेवलं की टिंबाच्या आधी फूट, नंतर इंच. दोन महिने छान चाललं. मग अहिवाऱ्याच्या श्यामरावांची चिठ्ठी आली: उंची ५.१०. पाच फूट दहा. मी माझ्या हातानं भरलं, मामा. आणि गेट झालं पाच फूट एक इंच. मी शंभरदा तपासलं, हिशेब कुठंच चुकलेला नाही. श्यामरावांनी बाहेर उभं राहून गेटवरून आरामात आत बघितलं आणि म्हणाले, "चोराला उडी मारायचा त्रास नको म्हणून केलं का हो?"

बाबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहिवाऱ्यातच कावून होते हे?" अहिवाऱ्यातच का, म्हणजे काय, ते मला कळलं नाही. तुम्हाला बाबांचा नियम माहीत असेल: माप ते स्वतः घेतात, स्वतः लिहितात, दुसऱ्याच्या हातचं माप घेत नाहीत. माझ्या हातचं त्यांनी दोन महिने घेतलं, हीच मोठी गोष्ट होती.

आता सेक्टर २ मधल्या आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा गोल जिना करायचा आहे. त्यावर बाबांनी निकाल दिला आहे. "हा जिना चुकला तं कॉम्प्युटर बांधून ठेव अन् कुठं नोकरी पाह्य. शेड मी अन् शालिकराम आहो तोवर चालन. मंग कुलूप."

मला ते कुलूप नको आहे. मला शेड हवं आहे. माझ्या गेटचे नऊ इंच कुठं हरवले, सांगा.

तुमची
नीरजा

*

गोंदिया
१७ जून २०२४

चि. नीरजास आशीर्वाद.

आधी रागावून घेतो, म्हणजे पुढचं पत्र गोड होईल. शंभरदा तपासलं म्हणतेस, पण काय तपासलंस? हिशेब. हिशेब कधी चुकत नसतो, पोरी. हिशेबाच्या आधी जे कानावर किंवा कागदावर येतं, ते चुकतं. अडतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून मी दुसरं काही शिकलो नाही.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण तुझ्या श्यामरावाचं गेट मी तुझ्या कमलामामीला पाटीवर मांडून दाखवलं. शाळेत गुरुजींनी काय शिकवलं होतं? दशांश चिन्हापुढचं शेवटचं शून्य पुसलं तरी बिघडत नाही. पाच पॉइंट दहा म्हणजेच पाच पॉइंट एक. आकड्याचं बिघडत नाही हे खरं, पण इंचांचं बिघडतं. तुझा कॉम्प्युटर शाळेत फार हुशार असणार. त्यानं शून्य खाल्लं आणि दहा इंचांचा एक इंच केला. तुझी मामी म्हणाली, "एवढं सोपं होतं तर पोरीला का सुचलं नाही?" मी म्हटलं, तिला आकडे फार चांगले येतात म्हणून.

श्यामरावानं तुला आकडा दिलाच नव्हता. त्यानं तोंडानं ‘पाच फूट दहा’ म्हटलं आणि ते कागदावर काढलं. माणूस जे बोलला ते अक्षर न अक्षर आधी ठेवून घे. अर्थ नंतर लाव.

आता एक काम कर. कोऱ्या चिठ्ठ्या घे आणि चार-सहा माणसांना एकच लांबी लिहायला सांग. कुणाला दुरुस्त करू नकोस. काय येतं ते मला कळव.

अहिवाऱ्याबद्दल तुझे बाबा जे म्हणाले, ते मी वाचलं नाही असं समज.

तुझा मामा,
उमाकांत

*

रिसाली
२७ जून २०२४

ती. मामा,

शून्य सापडलं! तुमचं पत्र हातात घेऊनच मी शेडमध्ये धावले. खोकं आकड्याचं होतं, म्हणून त्यात ५.१० भरलं की आत जाईपर्यंत ५.१ होत होतं. आता खोकं अक्षरांचं केलं आहे. जे टाइप होईल ते जसंच्या तसं राहतं, आणि मग मी त्याचे फूट-इंच वेगळे करते. आत सगळं मिलिमीटरमध्येच चालतं, बदल फक्त दारावर एकदाच होतो. श्यामरावांचं गेट नव्यानं केलं. आता त्यांना टाच उंच करून बघावं लागतं, आणि तरी ते खूश आहेत.

चिठ्ठ्यांचं मात्र ऐकाच. तीन फूट तीन इंचांची एक पट्टी टेबलावर ठेवली आणि येईल त्याला लिहायला लावलं. शालिकरामनं लिहिलं, ‘सवा तीन फुट’. वाचनालयाच्या सेक्रेटरी भाग्यश्रीताई आल्या होत्या, त्यांनी लिहिलं ‘९९ सेंमी’. त्यांच्या यजमानांनी नुसतं ‘९९०’ लिहिलं, ना फूट ना मिलिमीटर, म्हणे समजून घ्या. शेजारच्या ममतानं, ती शिवणकाम करते, सरळ ३९ लिहिलं. एकानं इंचांसाठी दुहेरी खूण करण्याऐवजी फुटाची एकेरी खूण दोनदा मारली, तर माझ्या स्क्रिप्टला त्या फुटाच्याच दोन खुणा दिसल्या. आणि बाबांनी लिहिलं, ‘सव्वातीन फूट, एक सूत कमी’. मी म्हटलं, एक सूत कमी कशाला? ते म्हणाले, "तुही पट्टी तेवढी कमी आहे. मोजून पाह्य." मोजली. खरंच एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी होती. पट्टी मीच कापली होती.

तर मी आता स्क्रिप्टला आपली भाषा शिकवली आहे. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच, सूत, आणि हिंदीतले पौने, ढाईसुद्धा. ज्यांनी नुसता आकडा लिहिला त्यांच्यासाठी युक्ती केली: शंभराच्या वर असेल तर मिलिमीटर धरायचं, खाली असेल तर इंच. आहे की नाही डोकं?

बाबा मागं उभे राहून बघतात. मागच्या आठवड्यात उभे राहत नव्हते, या आठवड्यात राहतात.

मामा, एक विचारू? गोंदियाहून दुर्ग म्हणजे गाडीत बसलं की आलंच. माझ्या आठवणीत तुम्ही आमच्याकडे एकदाही आला नाहीत. आई म्हणायची, रेल्वेवाल्यांना सुट्टी नसते. आता तर सुट्टीच सुट्टी आहे.

नीरजा

*

गोंदिया
४ जुलै २०२४

चि. नीरजा,

चिठ्ठ्या वाचून मी इतका हसलो की कमला धावत आली. पण तुझ्या युक्तीपाशी आलो आणि हसू गेलं. ‘धरायचं’ म्हणजे काय? शंभराच्या वर मिलिमीटर आणि खाली इंच हे तुला कुणी सांगितलं? उद्या कुणी दहा फुटांचा बार एकशे वीस इंच म्हणून १२० लिहील, आणि तुझा कॉम्प्युटर त्याला अर्ध्या वितीचा तुकडा कापून देईल. ज्यानं सांगितलं नाही त्याला विचारायचं. विचारायला लाज वाटणारा माणूस मापाच्या धंद्यात नसावा. आणि हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय, ते खाली लिहितो.

रेल्वेत एक रीत आहे. एक स्टेशन मास्तर दुसऱ्याला फोनवर निरोप देतो, तेव्हा ऐकणारा ‘हो हो, समजलं’ म्हणत नाही. तो निरोप जसाच्या तसा उलट बोलून दाखवतो, आणि सांगणारा ‘बरोबर’ म्हणतो. तोवर गाडी हलत नाही. तुझ्या कॉम्प्युटरला हे शिकव. माणसानं काही भरलं की त्यानं ते आपल्या शब्दांत उलट बोलून दाखवावं आणि विचारावं, बरोबर? हो म्हटल्याशिवाय रेघ ओढू नये.

आता तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझ्या बाबांना सांगू नकोस.

१९९१ साल. तुझ्या बाबांनी, म्हणजे पंजाबरावानं, शेड नुकतं टाकलं होतं आणि त्याला पहिलं मोठं काम मिळालं, अहिवाऱ्याच्या एका शाळेच्या गॅलरीचं रेलिंग. मी सुट्टी काढून मदतीला गेलो. तो वर शिडीवर, टेप धरून. मी खाली, सिमेंटच्या पोत्याचा कागद आणि पेन्सिल घेऊन. तो वरून ओरडला, "साडेअकरा फूट!" मी ऐकलं, "अकरा फूट". हातोड्यांनी माझे कान तेव्हाच खाल्ले होते, पण मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ‘काय म्हणालास?’ हे विचारायची मला लाज वाटली. मी ११ लिहिलं.

रेलिंग सहा इंच कमी आलं. हेडमास्तर, मास्तर, पोरं, अर्धं गाव बघायला उभं. पंजाबराव म्हणाला, "माही चूक झाली." तिथंच सळईचा तुकडा जोडून त्यानं ते पुरं केलं. पुढं कित्येक वर्षं त्याला लोक ‘जोडवाले पंजाबराव’ म्हणत. मी तिथंच उभा होतो, नीरजा. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या हातचं माप घेत नाही, आणि त्या दिवसापासून मी भिलाईला आलो नाही. सुट्टीचं कारण मीच तुझ्या आईला शिकवलं होतं.

तुझ्या बाबांचा कॉम्प्युटरवर राग नाही. तो राग माझ्या वाट्याचा आहे, आणि तो तुला भोगावा लागतोय. म्हणून मी तुझ्या या जिन्याच्या मागं एवढा लागलो आहे.

उमाकांत

*

रिसाली
२९ जुलै २०२४

ती. मामा,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि माझ्या कपाटात ठेवलं. तुमचं ऐकलं, बाबांना सांगितलं नाही. पुढं काय झालं ते ऐका, आणि त्यात माझा दोष नाही हे आधीच मान्य करा.

युक्ती काढून टाकली. आता नुसता आकडा दिला की स्क्रिप्ट विचारते. आणि काहीही भरलं तरी आधी उलट बोलून दाखवते. पहिला फायदा भाग्यश्रीताईंनी करून दिला. जिन्याची उंची म्हणून त्यांनी घाईत ३.२० भरलं. पडद्यावर आलं: ‘तीन फूट वीस इंच? इंच बाराच्या वर गेले आहेत. हे मीटर तर नाहीत?’ ताई म्हणाल्या, "अगंबाई, मीटरच की!" जुन्या नकाशावर साडेदहा फूट लिहिलेलं होतं. दोन्हींचे मिलिमीटर काढले, फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. ताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, मीही वाजवल्या.

दुसरा फायदा शालिकरामनं. तुमची रीत मी कॉम्प्युटरपुरती ठेवली नाही, शेडलाही लावली. कापायची यादी मी वाचली की त्यानं उलट म्हणून दाखवायची. पहिल्या दिवशी तो वैतागला. दुसऱ्या दिवशी मी वाचलं: मधला खांब तीन इंची पाइप, पायरीच्या कड्याचं भोक अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. तो म्हणायला लागला, "तीन इंची पाइप, भोंक अठहत्तर..." आणि मध्येच थांबून त्याच्या छत्तीसगढीत हसायला लागला, हे आत जाणारच नाही म्हणे. "नइ घुसय, नोनी! तीन इंची तो नाव ए. बाहिर ले साढ़े तीन हवय." पाइप आणून टेबलावर ठेवला, मी बाहेरून मोजला. एकोणनव्वद मिलिमीटर! पाइपचं ‘तीन इंची’ हे आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे, मामा, आणि मी त्याला माप समजून बसले होते. पंधरा पायऱ्यांपैकी एकही खांबावर बसली नसती. आता पाइप आणि सळईसाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी यादी आहे, नावापुढं खरं माप.

त्यानंतर बाबा खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "हट. मले पाहू दे." दोन बोटांनी टाइप करत त्यांनी मुद्दाम अवघड घातलं: ‘पावणेअकरा फूट दोन सूत कमी’. पडद्यावर आलं: ‘दहा फूट पावणेनऊ इंच. ३२७०.२५ मिलिमीटर. बरोबर?’ त्यांनी खडू घेऊन जमिनीवर हिशेब केला. बरोबर. मग त्यांनी नुसतं ‘११’ भरलं. ‘अकरा काय? फूट, इंच की मिलिमीटर?’ बाबांनी ते पुसलं. मग अगदी हळू, एकेक अक्षर शोधत, त्यांनी ‘साडेअकरा फूट’ भरलं.

‘साडेअकरा फूट. अकरा फूट सहा इंच. ३५०५.२ मिलिमीटर. बरोबर?’

बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. आणि पडद्याला, माणसाला म्हणावं तसं, म्हणाले, "बरोबर."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे उलट बोलनं कोनं शिकवलं तुले?"

मी खोटं बोलू शकले नाही. उमाकांतमामांनी, एवढंच म्हटलं. ते उठून घरात गेले. कापायला मात्र दुसऱ्या दिवशी परवानगी दिली. जिना अकरा ऑगस्टला उभा करायचा आहे.

नीरजा

*

गोंदिया
३ ऑगस्ट २०२४

चि. नीरजा,

तीन इंची पाइपचं मला आधी सुचायला हवं होतं. शालिकरामाला माझा नमस्कार सांग.

पंजाबराव घरात जाऊन काय करत होता? रागात होता का? जिन्याची काळजी मला राहिलेली नाही, जिना उभा राहणार. दुसऱ्या काळजीनं जेवण जात नाही. जे असेल ते लिही, गोड करून लिहू नकोस.

उमाकांत

*

रिसाली
१२ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

उभा राहिला! उभा राहिला, मामा! पहिल्या झटक्यात, एक तुकडा न घासता, एक जोड न लावता!

काल सकाळी सेक्टर २ ला सगळं मंडळ जमलं होतं. खांब ओळंब्यात उभा केला. मग वरून एकेक पायरी खांबावर ओवत खाली सोडायची. पहिली गेली. दुसरी गेली. शालिकराम प्रत्येक पायरीला तिचा नंबर उलट म्हणून दाखवत होता, आणि पाचव्या पायरीपासून खाली उभी असलेली मंडळीही त्याच्याबरोबर म्हणायला लागली. "सातवी!" "सातवी, बरोबर!" भाग्यश्रीताईंचे यजमान, ते ९९० वाले, सगळ्यांत जोरात.

पंधरावी पायरी बसली आणि तिच्यापासून वरच्या मजल्याची कड राहिली बरोबर एक चढ. बाबा टेप घेऊन वर गेले. मी खाली उभी. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग वरून ओरडले, "दोनशे मिलिमीटर!"

मी खालून ओरडले, "दोनशे मिलिमीटर, बरोबर?"

"बरोबर!"

ड्रॉइंगमध्येही दोनशेच आहे. मजल्याच्या पट्टीला जिन्याचं वरचं कडं टेकतं तिथं शालिकरामनं हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घालून बघितलं, तेवढीही फट नव्हती. बाबांनंतर सगळ्यांत आधी वर कोण चढलं माहीत आहे? अहिवाऱ्याचे श्यामराव. मी बोलावलं नव्हतं, ते स्वतःच आले होते. वर जाऊन म्हणाले, "आता माझ्या शेतावरच्या घराचं गेटही इकडूनच." सगळे हसले. मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले.

खाली येऊन बाबांनी मंडळाच्या अध्यक्षांना माझी ओळख करून दिली. ओळख आधीपासून आहे, मी लहानपणापासून त्यांच्याकडं गणपतीत मोदक खाते. तरी बाबा म्हणाले, "हे नीरजा. शेड आता इचं आहे. मी इच्या हाताखाली काम करून राहिलो." मामा, हे वाक्य मी कुठल्याही युनिटमध्ये मोजू शकत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घरात जाऊन बाबा काय करत होते, ते मला कालच कळलं. घरी आल्यावर त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि तळातून सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचा एक तुकडा काढला. त्यावर पेन्सिलीनं ११ लिहिलेलं आहे. अक्षर तुमचं. त्या दिवशी घरात जाऊन ते हाच कागद काढून बघत बसले होते. मला म्हणाले, "कागद घे. मी बोलतो, तू लिही." ते पत्र सोबत जोडलं आहे. एक शब्द मी बदललेला नाही.

तुमची नीरजा

*

(सोबतचं पत्र)

उमाकांत, राम राम.

मी बोलून राहिलो अन् नीरजा लिहून राहिली. दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतो आहे, हे ध्यानात घे.

पोरीनं मले काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. रेलिंग कमी आलं त्याच दिवशी मी कागद पाह्यला होता. तुह्या अक्षरात ११. मी ओरडलो होतो साडेअकरा. तवाच समजलं मले, तुह्या कानात बिघाड आहे.

मंग बोललो कावून नाही? अरे, तिथं हेडमास्तर उभा होता, त्याचा भाऊ रेल्वेत. मी म्हनलं असतं का उमाकांतले ऐकू आलं नाही, तं आठ दिवसांत तुले मेडिकलमध्ये उभं केलं असतं, अन् नोकरी गेली असती. कमलाबाईच्या कडेवर लेकरू होतं. सहा इंचाच्या तुकड्यापायी मी तुही नोकरी खाऊ का? म्हनून म्हनलं, माही चूक. लोकाइनं मले जोडवाला म्हनलं. म्हनू दे. जोडच तं लावला होता.

माप दुसऱ्याच्या हातचं घेत नव्हतो, ते तुह्या रागानं नाही. आनखी एखाद्याची चूक लपवाची माही ताकत नव्हती, म्हनून.

तू मात्र तेहतीस वर्षं आला नाही. मले वाटलं, मोठा रेल्वेवाला झाला, आता कायले येते जोडवाल्याकडे. म्हंजे मीबी चुकीचंच ऐकलं.

आता काम सांगतो, नीट ऐक. त्या शाळेत तो जोड अजून आहे. मी हेडमास्तरीणबाईले भेटून आलो. त्या म्हनल्या, रविवारी शाळा रिकामी राह्यते, नवा बार बसवा. बार पोरीच्या मशीननं सांगितला तसा कापला आहे. पंचवीस ऑगस्ट, रविवार. तू सकाळच्या गाडीनं दुर्गले उतरजो, मी फाटकापाशी उभा राह्यतो. मी शिडीवर चढीन, तू खाली टेप धरजो.

नीरजानं वाचून दाखवलं. बरोबर लिहिलं आहे.

पंजाबराव

*

गोंदिया
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय पंजाबराव,

उलट बोलून दाखवतो.

पंचवीस ऑगस्ट, रविवार. सकाळची गाडी. दुर्ग, फाटकापाशी. अहिवारा, शाळा, गॅलरी. तू वर, मी खाली. बार साडेअकरा फूट. साडेअकरा.

बरोबर?

उमाकांत